उशीखालची सुरी

मुलांना चुंबक शिकवायला वाळवंटातल्या आमच्या झुएरातइतकं सोयीचं गाव नाही. लोखंडाचा डोंगरच उशाशी आहे. अंगणात चुंबक फिरवला की त्याला काळी दाढी येते. वाळत घातलेल्या कपड्यांतून, शेळीच्या पाठीवरून, जेवणाच्या चटईवरूनसुद्धा खनिजाची धूळ निघते. इथे होकायंत्राची सुई उत्तर दाखवत नाही, केदिया डोंगराकडे झुकते. पहिल्या धड्यात मी मुलांना हेच सांगतो, "सुई खोटं बोलत नाही. जे जवळ असतं ते तिला जास्त ओढतं, एवढंच."

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर अंगणातल्या तंबूत गल्लीतली मुलं जमवू लागलो. साहित्य घरचंच. बिघडलेल्या रेडिओच्या कर्ण्यातला गोल चुंबक, शिवणाची सुई, जुन्या स्लिपरचा तुकडा आणि ॲल्युमिनियमचं पसरट भांडं. सुई चुंबकावर एकाच दिशेने घासायची, स्लिपरच्या तुकड्यात आडवी खोचायची आणि पाण्यावर सोडायची. ती हळूच वळते आणि डोंगराकडे तोंड करून थांबते. दर वेळी मुलं श्वास रोखतात. दर वेळी मीही.

"खडू सुटला, पण खोड सुटली नाही," असं माझी बायको तेकबर म्हणायची.

त्या हिवाळ्यात आमची मुलगी झैनबू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातव्या दिवशी मुलाचं नाव ठेवलं, येस्लेम. तेकबरने त्याच्या उशीखाली तिच्या आईची सुरी ठेवली. लोहाराने घडवलेली, कातडी मुठीची, वीतभर पात्याची. चाळीस दिवस ती हलवायची नसते. रिकाम्या रानातली माणसं, ज्यांचं नाव आम्ही घेत नाही, लोखंडाला भितात आणि लोखंड नसलं तर तान्हं मूल बदलून नेतात, असं जुन्या बायका सांगतात.

मी हसलो होतो. "लोखंडाला भितात, तर या गावात येतील कशाला?"

"इथेसुद्धा जे येत असेल, ते कसं असेल याचा विचार करा, मास्तर," तेकबर म्हणाली होती.

अडतिसाव्या दिवशी ती शेजारच्या गल्लीत कुणाच्या तरी दुखवट्याला गेली होती. तंबूत माझ्या मुलाची मुलगी तूतू आणि शेजारची सल्का दोघीच होत्या. तूतू नऊ वर्षांची, सल्का अकराची. आमच्याकडे एका बैठकीत चहाचे तीन पेले होतात, त्यातला दुसरा झाला होता. मला त्यांना लांब चुंबक करून दाखवायचा होता, पण स्वयंपाकघरातली सुरी चुंबकाला धड चिकटेना.

"ही पण तुमच्यासारखीच निवृत्त झालीय, उस्ताद," सल्का म्हणाली. तूतू खिदळली.

मग मला ती दुसरी सुरी आठवली.

खोलीत झैनबू गाढ झोपली होती. बाळ कुरकुरत होतं. मी उशीखाली हात घातला. तिसरा पेला होईपर्यंत परत ठेवू, एवढाच विचार केला.

सुरी उत्तम निघाली. पात्यावरून तीस वेळा चुंबक ओढला आणि टोक धुळीत बुडवलं. ते केसाळ होऊन वर आलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. नंतर पाण्यातल्या सुईजवळ सुरी नेली की सुई वळे, पाठीमागे लपवली की सुई माझ्याकडे बघे. मुली ओरडत होत्या, "डाव्या हातात! उजव्या हातात!"

एकदा मी सुरी भांड्याजवळून डावीकडे नेली. सुई उजवीकडे गेली.

"आजोबा, सुई खोलीत बघतेय," तूतू म्हणाली.

मी सुरी लांब वाळूत ठेवली. सुईचं टोक खोलीच्या दारावरच होतं. मग ते सावकाश सरकू लागलं. दारापासून भिंतीकडे, भिंतीवरून पाण्याच्या टाकीकडे, टाकीवरून फाटकाकडे. कुणी तरी ओझं सांभाळत चालावं, तशा चालीने. फाटकाशी ते थांबलं.

"खनिजाची गाडी जात असेल," मी म्हणालो. "इतकं लोखंड हललं की सुई हलणारच."

"गाडी तर सकाळीच गेली," सल्का म्हणाली. या वेळी ती हसली नाही.

बाळाची कुरकुर थांबली आहे हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

आत झैनबू तशीच झोपली होती. येस्लेम जागा होता. माझ्या हातातल्या चुंबकाकडे एकटक बघत होता. मी वाळूतून उचलून आणलेली सुरी उशीखाली सारली.

चाळिसाव्या दिवशी तेकबरने ती काढली. पात्याच्या टोकाला काळी धूळ उभी होती.

"हिला कुणी हात लावला?"

"पोरींनी खेळायला घेतली असेल," मी म्हणालो.

तूतूला चापट बसली. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं.

येस्लेम अडतिसाव्या दिवसापासून रडला नव्हता. डॉक्टरने वजन पाहिलं, डोळे पाहिले, कान पाहिले. सगळं ठीक होतं. झैनबूचा नवरा दूर किनाऱ्यावर बंदरात कामाला होता. ती त्याच्याकडे जायचं पुढे ढकलत राहिली.

एका दुपारी मी चहाचा फेस करत होतो, तेव्हा ती समोर येऊन बसली. "बाबा, तुम्ही शिकलेले आहात, म्हणून विचारते. हा मला ओळखत नाही. दूध पितो तेव्हा माझ्याकडे नाही, दाराकडे बघतो. मी वेडी होतेय का?"

"पहिलटकरणींना असं वाटतं," मी म्हणालो.

"आई म्हणते, सुरी हलली होती."

मी चहा एका पेल्यातून दुसऱ्यात ओतत राहिलो.

येस्लेम झोपला की मी भांडं त्याच्या उशाशी नेऊन पाहत असे. सुई डोंगराकडेच राहायची. त्याच्याकडे वळायची नाही. मी सुटकेचा निःश्वास सोडला असता, पण काही महिन्यांनी एका तिसऱ्या प्रहरी अंगणातल्या भांड्यातली सुई पुन्हा निघाली. फाटकातून आत, टाकीकडे, तंबूच्या खांबाकडे. थांबत, पुन्हा निघत. मी वहीत वेळा लिहिल्या. टाकी ते खांब बारा पावलांचं अंतर आणि सहा मिनिटं. इतकं हळू काय चालतं, ते मला कळेना. मग समोर सल्काची धाकटी बहीण चटईवर रांगताना दिसली आणि मी वही मिटली.

येस्लेम तेव्हा आठ महिन्यांचा होता. तो रांगत नव्हता. झैनबूच्या मांडीवर बसून तोही त्या सुईकडे बघत होता.

त्यानंतर सुईची ही फेरी रोज व्हायची. मी धडे बंद केले. गल्लीतल्या मुली मात्र येतच राहिल्या आणि भांडं भरून ठेवू लागल्या. येस्लेमला वर्ष झालं, तशी सुईची चाल बदलली. आता टाकी ते खांब अर्ध्या मिनिटात, मध्येच डळमळून. मी रात्री झोपत नव्हतो, दिवसा एका जागी बसत नव्हतो. मुली चटईवर गोल करून बसत आणि त्या गोलात एक जागा मोकळी सोडत. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"ही जागा कुणाची?" शेवटी मी विचारलं.

"तो उशिरा येतो," तूतू म्हणाली.

मागे काही तरी हललं. झैनबू येस्लेमला कडेवर घेऊन उभी होती. तिने ऐकलं होतं. ती चटईवर येऊन बसली आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी म्हणालो, "सुरी मी काढली होती. मुलींनी नाही."

ती रडली नाही, ओरडली नाही. "मग दाखवा," एवढंच म्हणाली.

भांडं मध्ये होतंच. सुई फाटकाकडे वळली.

टाकी. खांब.

तिचं टोक मुलींच्या पाठीमागून फिरलं, मोकळ्या जागेपाशी थांबलं, मग तिथूनही पुढे सरकलं. झैनबूच्या गुडघ्यासमोर आल्यावर ते स्थिर झालं.

झैनबूने हात पुढे केला. जमिनीपासून तीन विती उंचीवर, तळवा खाली करून.

"उभा राहायला लागला," ती म्हणाली.

तेव्हा तिच्या मांडीवरचा येस्लेम पुढे वाकला. खेळण्याला, खाऊला, कशालाही ज्याने कधी हात लावला नव्हता, त्याने दोन्ही हातांनी भांडं धरलं आणि पालथं केलं.

पाणी पसरलं. सुई वाहत माझ्या पायाशी आली. चटई भिजली, झैनबूचा पदर भिजला. तिच्या गुडघ्यासमोर दोन जागा मात्र कोरड्या राहिल्या. शेजारीशेजारी, इवल्या पावलांच्या आकाराच्या, माझ्या अर्ध्या वितीएवढ्या लांब.

मी बघत होतो, तेवढ्यात त्यातली एक भिजली, आणि थोडी पुढे, तिच्या मांडीला लागून, तेवढीच दुसरी कोरडी झाली.