सात दिवसांची रजा

पॅरोलचं टेबल हवालदार राजेंद्र वाघचौरेकडं होतं आणि ते काम त्याला मनापासून आवडायचं. माणसाची लायकी कळते, असं तो म्हणे. लायकी अर्थातच समोरच्याची.

काम सोपं होतं. हर्सूलच्या जेलातून कागद यायचा, अमुक कैद्याला अमुक कारणासाठी रजा हवी. कैद्याचं घर ज्या ठाण्याच्या हद्दीत, तिथल्या माणसानं घरी जायचं. कारण खरं आहे का, शेजाऱ्यांची हरकत आहे का, जामीन कोण राहतोय, हे सगळं डोळ्यानं बघून अहवाल पाठवायचा. वरचे त्या अहवालावर रजा द्यायचे किंवा नाकारायचे. वाघचौरे कुणाच्याच घरी जात नसे. गुलमंडीतल्या एका हॉटेलात कडक चहा मागवून तो चार-चार अहवाल एका बैठकीत उरकायचा.

"जन्मठेपवाल्यांच्या आया वर्षातून दोनदा मरायला टेकत्यात," तो सांगायचा. "पोरगं घरी आलं की त्याच मटण रांधत्यात."

जानेवारीत कडुबाचा अर्ज आला. कडुबा मेंढपाळाचा. पिशोरकडं चराईच्या भांडणात त्यानं एकाच्या डोक्यात कुऱ्हाड घातली, त्याला दहा वर्षं झाली होती. मेंढरं विकून घरचे शहरात आले आणि छावणीच्या मागं नाल्याकाठी दोन खोल्यांत राहू लागले. आई बानाबाई, धाकटा भाऊ रामहरी आणि त्याची बायको ज्ञानेश्वरी. आई अंथरुणाला खिळलीय, असं अर्जात होतं.

वाघचौरेनं बशीत चहा ओतता ओतता लिहिलं, ‘कैद्याची आई ठणठणीत आहे. चालते-फिरते, घरचं सगळं तीच करते. कारण खोटं.’

रजा नामंजूर झाली. मार्चमध्ये बानाबाई गेली.

मरणाच्या कारणानं मात्र कडुबाला सात दिवसांची तातडीची रजा मिळाली. रामहरी जामीन राहिला. जिल्ह्याबाहेर जायचं नाही, रोज दहाला ठाण्यात हजेरी द्यायची आणि आठव्या दिवशी दिवस मावळायच्या आत जेलच्या दारात उभं राहायचं, अशा अटी होत्या. चार दिवस कडुबा वेळेवर आला. डोक्याचं मुंडण केलेला, काळा, गप्प माणूस. वाघचौरे त्याला तासभर भिंतीशी उभा करायचा.

"आई खरंच मेली ना रे? का अजून एखांदा अर्ज शिल्लक हाय?"

कडुबा खाली बघायचा.

पाचव्या दिवशी तो आला नाही. सहाव्या दिवशीही नाही. आठव्याला संध्याकाळी जेलातून फोन आला की कैदी परतलेला नाही. वाघचौरेला बरंच वाटलं. आता जामीन जप्त होणार, दहा वर्षांत मिळालेल्या माफीतले दिवस कापले जाणार, पुढची रजा बंद, वर वेगळा गुन्हा. एवढं सगळं एक माणूस चार दिवसांच्या मोकळ्या हवेसाठी घालवतो, यात त्याला नवल वाटलं नाही. ही जातकुळीच तशी, तो साहेबांना म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. छावणीच्या बाजारात जनावरांची गर्दी होती, म्हणून ड्रायव्हरला जीपपाशी थांबवून वाघचौरे एकटाच गल्लीत शिरला. दुपारचे बारा वाजले होते. शेरडांच्या लेंड्यांचा वास आणि ऊन.

घरासमोरच्या ओट्यावर रामहरी आणि ज्ञानेश्वरी बसले होते. शेजारी वळकट्या, स्टोव्ह, पाण्याची कळशी.

"कुठं पळवलं भावाला?"

"पळाला नाय साहेब," रामहरी म्हणाला. "घरातच हाय."

"घरात? मग हजेरीला पाय मोडले व्हते का?"

रामहरीनं स्टोव्ह उगाच बाजूला सरकवला.

"आन तुम्ही इथं उन्हात का?"

ज्ञानेश्वरीनं पदर तोंडाशी धरला. "पाच दिस झाले, आमी भाईरच ऱ्हातो. मला काय कामच ऱ्हायलं नाय घरात."

वाघचौरे हसला. अशी नाटकं त्यानं लई पाहिली होती. त्यानं दार ढकललं.

आत गार होतं. जमीन नुकतीच सारवलेली, शेणाचा ओला वास होता. भिंतीशी घोंगडीवर कडुबा बसला होता. पाच दिवसांत त्याचं तोंड सुजल्यासारखं भरलं होतं. समोर ताट होतं, त्यात भाकरी, ठेचा, वरण. तो घास तोंडात घेऊन नुसता बसला होता.

"ऊठ."

"हळू बोला साहेब. ती मागं भांडी घासतीय."

मागून खरंच राखेनं भांडं घासल्याचा आवाज येत होता.

"कोण?"

कडुबानं घास गिळला. "पाचव्या दिशी हजेरीला निघालो, तर दारात उभी ऱ्हायली. जेवल्याबिगर जाऊ नगं म्हनली. मी जेवलो. मंग पुन्ना वाढलं."

"शेजारीण आणून ठेवली का घरात?" असं म्हणत वाघचौरे मागच्या मोरीकडं गेला.

मोरीत कुणी नव्हतं. घासलेली भांडी ओळीनं पालथी घातली होती, त्यांचं पाणी अजून निथळत होतं. मागच्या बाजूला दार नव्हतं, खिडकी नव्हती.

चुलीकडून भाकरी थापल्याचा आवाज आला.

तो वळला. चुलीशीही कुणी नव्हतं. परातीत पिठाचा उंडा होता. त्यावर चार बोटं उमटलेली होती.

"चालते-फिरते," कडुबा हळूच म्हणाला. "घरचं सगळं तीच करते. जेलात वाचून दाखवलं व्हतं मला." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता.

वाघचौरे नकळत दाराकडं एक पाऊल सरकला. मग त्याला स्वतःचाच राग आला. एका खुन्याच्या घरात आपण भाकरीच्या आवाजाला भ्यायचं? त्यानं कडुबाचं बखोट धरलं.

"चल. तुझी नाटकं जेलरला दाखव."

कडुबा लगेच उठला. दारापाशी मात्र दोघंही क्षणभर थांबले. का थांबलो, ते वाघचौरेला कळलं नाही. उन्हामुळं असेल.

जीप हर्सूलच्या रस्त्याला लागली तशी कडुबा रडायला लागला, सुटल्यासारखा.

"उपकार झाले साहेब. तुमी हो म्हनले म्हनून सोडलं तिनं."

"कुणाला काय हो म्हनलो मी?"

"दारात नाय का तिनं इचारलं, ह्याला नेता, तर मी आता तुमचं करू का? तुमी मान हलवली."

वाघचौरेनं त्याला एक शिवी दिली. ड्रायव्हर आरशातून बघत होता.

जेलच्या दारात कडुबानं स्वतःच वाकून पाय आत टाकला. इतक्या आनंदानं आत जाणारा माणूस वाघचौरेनं पाहिला नव्हता. ‘मूर्ख,’ तो मनात म्हणाला. कागदावर सही-शिक्का घेतला आणि ड्रायव्हरला घराकडं वळायला सांगितलं.

त्याची बायको प्रेरणा आठवडाभर माहेरी गेली होती. पोलीस लाइनीतल्या दोन खोल्यांना सकाळी त्यानं स्वतः कुलूप घातलं होतं. चार वाजता त्यानं ते उघडलं.

बाल्कनीत दोरीवर त्याचे तीन शर्ट वाळत होते. तीन दिवस ते खाटेखाली बोळा होऊन पडले होते. आता त्यांचं पाणी टपटप गळत होतं.

फरशी पुसलेली होती. ओली.

"प्रेरणा?"



तो स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. टेबल आणि खुर्च्या भिंतीला सरकवलेल्या होत्या. मध्ये मोकळ्या जमिनीवर एक पाट मांडला होता.

त्यांच्या घरात पाट कधीच नव्हता.