सव्विसावी पट्टी

पहिल्यांदा दिसला तेव्हा तो कॉरिडॉरमध्ये गुडघे टेकून बसला होता, आणि मी त्याला अडखळून पडता पडता वाचले.

"सांभाळून!" तो म्हणाला. "पेशंट पडले तर भरायला फॉर्म आहे. नातेवाईक पडले तर काय करायचं, ते कुणी शिकवलेलं नाही."

"आणि वाटेत बसायला कुणी शिकवलं?"

त्याने हसून हातातलं चिकटपट्टीचं रीळ दाखवलं. बाबांच्या खोलीपासून टोकाच्या खिडकीपर्यंत तो जमिनीवर मीटरामीटरावर पिवळ्या पट्ट्या चिकटवत होता. सव्वीस पट्ट्या. कोण किती चाललं, ते मोजायला.

तो या पुनर्वसन केंद्रातला फिजिओथेरपिस्ट. बाबा त्याला 'फौजदार' म्हणायचे, कारण सकाळचे दहा वाजले की तो वॉकर घेऊन दारात हजर.

मी औषधांच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. दिवसभर पाकिटं उलटीपालटी करायची आणि खोट शोधायची, हे माझं काम. त्यामुळे गोड हसणारा माणूस दिसला की मी आधी त्याची मागची बाजू बघते.

बाबांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशननंतर ते इथे आले, त्याला तीन आठवडे होत आले होते. सकाळी सिस्टर रक्तदाब बघायच्या, दहाला फौजदार चालवायचा, दुपारी मोजे घालायचा आणि बटणं लावायचा सराव. केंद्र माझ्या कारखान्याजवळच, म्हणून मी रोज संध्याकाळी पाचला यायचे. बाबांचं घर मात्र शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथे मी महिन्यातून एकदा जायचे... जमलं तर.

एका संध्याकाळी मी पलंगाच्या पायथ्याचा तक्ता वाचला. 'चाल : सव्वीस मीटर. आधार : फक्त वॉकर.'

सव्वीस? माझ्यासोबत तर बाबा सहाव्या पट्टीवरच भिंत धरायचे. "बस गं पोरी... पाय थरथरतात."

शुक्रवारी डॉक्टर हाच तक्ता बघून ठरवणार होते, की बाबांना घरी सोडायचं की नाही. घरी बावीस पायऱ्या, आणि बाबा एकटे. तक्ता खोटा असेल आणि बाबा जिन्यात कोसळले, तर हाक ऐकायलाही कुणी नाही.

मी फौजदाराला बाबांच्या पलंगापाशीच गाठलं. "सव्वीस कुणी मोजले?"

"मी."

"बघितलं कुणी?"

"काकांनी. तेच चालत होते ना."

"संध्याकाळी सहाच होतात."

त्याचे कान लाल झाले. त्याने बाबांकडे पाहिलं. बाबा छताकडे बघत होते.

"तुम्ही... त्यांनाच विचारा," तो म्हणाला. मग जरा थांबून, "तुम्ही सगळ्यांकडे असंच बघता का हो?"

"असं म्हणजे?"

"पाकिटाची मुदत संपलीय का, असं."

मला हसू आलं, पण मी ते गिळलं. हा माणूस काहीतरी लपवत होता. पलंग लवकर रिकामा करायचा असेल? की 'माझे पेशंट बघा कसे भराभर चालतात' म्हणून मिरवायचं असेल? तरी एक गोष्ट माझ्या हिशेबात बसत नव्हती. कुणीही चालत असो, फौजदाराचा हात त्याच्या पाठीमागे चार बोटांवर असायचा. टेकलेला नाही, पण कायम तयार. खोटं लिहिणारा माणूस असा हात धरतो का?

गुरुवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि कुणाला न सांगता दहा वाजता पोचले. टोकाच्या खिडकीजवळ, धुतलेल्या चादरींच्या ट्रॉलीमागे उभी राहिले. साबणाचा वास नाकात जात होता, आणि शिंक दाबताना डोळ्यांत पाणी येत होतं.

बाबा आले. सहावी पट्टी गेली. दहावी... अठरावी... वॉकर टकटक करत चालला होता आणि बाबा चक्क शीळ घालत होते!

"उद्या डॉक्टरांसमोर मी सहावर बसकण मारणार," खिडकीशी पोचून बाबा म्हणाले.

"मारा. मी तक्त्यावर सव्वीसच लिहिणार. तुमच्या लेकीला काही बोलणार नाही असा शब्द दिलाय. पण खोटं लिहिणार नाही." तो घुटमळला. "त्या मला लबाड समजतात, काका."

"समजू दे की. तुझं काय जातंय?"

"दुसऱ्या कुणी समजलं असतं तर... चाललं असतं."

नेमकी तेव्हाच मला शिंक आली.

दोघंही वळले. सव्विसाव्या पट्टीवर बाबांना धरायला भिंत नव्हती. शाळेत पकडलेल्या मुलासारखे ते उभे राहिले.

"का, बाबा?"

"घरी गेलो की तू महिन्यातून एकदा येणार," ते हळूच म्हणाले. "इथे रोज पाचला येतेस."

तीन आठवडे मी खोट शोधत होते... आणि ती निघाली माझ्याच येण्याजाण्यात. ट्रॉली बाजूला सारून मी सव्विसाव्या पट्टीवर त्यांच्यापाशी गेले.

"बुधवारी आणि रविवारी येईन. नक्की. हवं तर भिंतीवर तक्ता लावा."

"आणि शेरा कोण लिहिणार?" बाबांनी डोळे मिचकावत फौजदाराकडे पाहिलं.

शुक्रवारी डॉक्टरांसमोर बाबा सव्वीस मीटर चालले. शनिवारी ते टॅक्सीत बसले, आणि दाराशी आम्ही दोघंच उरलो.

"माफी मागायची होती," मी म्हणाले. "सवय नाही मला."

"मलाही काही विचारायचंय. पेशंट इथे असेपर्यंत विचारता येत नव्हतं."

"पेशंट गाडीत बसलेत."

"संध्याकाळी पाच वाजता..." तो अडखळला. "पाच वाजले की मी तुमची वाट बघतो. आता सोमवारपासून काय करू?"

मी त्याच्याकडे नीट पाहिलं. पुढून आणि मागूनही.

"यात काही खोट तर नाही ना?"

"तपासून घ्या. कितीही दिवस लावा."

आम्ही उतारावरून खाली निघालो. टॅक्सीत बाबा छताकडे बघत होते. माझ्या पाठीमागे, चार बोटांवर, त्याचा हात होता... टेकलेला नाही, पण तयार.

"मी काही पडणार नाहीये," मी म्हणाले. "पण टेकवा."