ब्रेकच्या पेडलची पिन

नगरच्या एमआयडीसीत माझी मापं तपासायची लॅब आहे. कारखान्यांचे मायक्रोमीटर, व्हर्नियर माझ्याकडे येतात आणि ते खरं बोलतात की नाही, हे मी सांगते. नवरा म्हणतो, ही भाजीवाल्याच्या काट्यावरही संशय घेते. घेतेच. मिलिमीटरच्या शंभराव्या भागात जे दिसत नाही ते मुळात नाहीच, असं मी अठरा वर्षं मानत आले होते.

भाळवणीच्या मच्छिंद्रमामांशी गाठ पडली तीही माझ्या हुशारीमुळे. नगरला लष्कराचा तळ, म्हणून लिलावात निघालेल्या जुन्या जीप आमच्या जिल्ह्यात गावोगाव उभ्या आहेत. त्यांचे पार्ट बनणं कधीच बंद झालं. मामा ते बनवून देतात. कल्याण रोडला पत्र्याची शेड आणि मामांपेक्षा वयानं मोठं एक लेथ, एवढाच पसारा. पुण्याच्या एका हौशी माणसासाठी मी गिअरच्या दांड्याची मापं घेतली, सुबक ड्रॉइंग केलं आणि मामांपुढे ठेवलं. त्यांनी ते बघितलंसुद्धा नाही. जुना दांडा अंगठ्याखाली फिरवला आणि म्हणाले, "ताई, तुमी झीज मोजून आनलीय."

खरंच होतं ते. झिजलेल्या पार्टची मी हुबेहूब नक्कल काढली होती. माझ्या ड्रॉइंगवरून झालेला नवा दांडा पहिल्याच दिवशी चाळीस वर्षं वापरलेला निघाला असता. शिकलेले सगळे हीच चूक करतात, असं मामा मागाहून चहा पाजताना म्हणाले, म्हणजे मला बरं वाटावं म्हणून.

त्यांची रीत वेगळी. जुना तुकडा हातात घेतल्याशिवाय ते मशीन चालू करत नाहीत. कुठे किती गेलंय ते अंगठ्यानं बघायचं आणि तेवढं परत द्यायचं. 'झीज परत देनं' हा त्यांचाच शब्द. शिवाय तुकडा बघून चालवणारा माणूसही सांगायचे. "ह्यो डाव्या पायानं अधू हुता." "हिथं बाई चालवत हुती, हात हलका हाय." मी तीनदा मालकांना फोन करून खात्री केली. तिन्ही वेळा बरोबर. चौथ्यांदा फोन करायची मलाच लाज वाटली. त्या माणसाला मी जेवढं मानते तेवढं माझ्या एकाही प्राध्यापकाला मानलेलं नाही.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी शेडवर बसले होते आणि भागवत आला. पारनेरकडचा शेतकरी, पन्नाशीला टेकलेला. त्यानं फडक्यातून एक पिन काढली. बोटाएवढी लांब, त्याहून जरा जाड. ब्रेकचं पेडल ज्या पिनवर हलतं ती.

"वडलांची जीप हाय," तो म्हणाला. "चौतीस वर्सं गोठ्याच्या कडंला उभी. आई म्हनती, मी हाय तवर तिला नीट कर."

वडलांचं नाव वाल्मिक. एका दुपारी ते जीप घेऊन घाटानं खाली निघाले होते. संध्याकाळी घाटाच्या पायथ्याला बाजरीच्या रानात जीप सापडली. सरळ उभी, एक ओरखडा नाही. ब्रेकचे ड्रम हात लावू देत नव्हते इतके तापलेले. वाल्मिक मात्र नव्हते. पोलिसांनी शोधलं, पाहुण्यारावळ्यांनी शोधलं, विहिरी उपसल्या. बनुबाईंनी, म्हणजे भागवतच्या आईनं, आजतागायत कुंकू पुसलेलं नाही.

मामांनी पिन घेतली. अंगठा फिरवला, थांबवला, पुन्हा फिरवला. एरवी ते लगेच बोलतात. त्या दिवशी त्यांनी पिन टेबलावर ठेवली आणि हात पुसले.

"ही अजून झिजतीय," ते म्हणाले.

भागवत हसला. "मामा, जीपला इंजिन बी न्हाई. ते उतरवून ठिवलंय."

"ते मला म्हाईत न्हाई. कोनीतरी ब्रेक दाबून हाय."

मला मामांची काळजी वाटली. साठी उलटलेला माणूस, थकला असेल. म्हणून मीच म्हटलं, पिन माझ्याकडे द्या, चार दिवस ठेवून मोजते, म्हणजे विषय मिटेल.

लॅबमध्ये वीस डिग्री तापमान कायम असतं. सोमवारी सकाळी पिन २०.६४ भरली. पांढऱ्या टिश्यूवर ठेवून मी कपाटाला कुलूप लावलं. किल्ली माझ्याच पर्समध्ये. मंगळवारी २०.६१. मी मायक्रोमीटर तपासला, ठीक होता. दुसरा घेतला. त्यावरही २०.६१. बुधवारी २०.५७.

गुरुवारी कपाट उघडलं तर टिश्यूवर करडी भुकटी पडलेली. मेंदीच्या पुडीतून सांडावी इतकी बारीक. लोखंडाची होती, चुंबकाला चिकटली. आणि कपाटात वास होता. घाट उतरताना पुढच्या ट्रकचा येतो, तसा.

मी खुर्चीत बसून राहिले. घाबरले होते, हे लिहायला मला संकोच नाही. मग मामांना फोन लावला.

"रोज किती जातीय?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. पलीकडे त्यांनी लेथ बंद केलं.

"विसाच्या खाली गेली का तुटंल ती."

"तुटली तर काय होईल, मामा?"

"तर त्येला दाबायला काय ऱ्हाईल?"

इतकी वर्षं हळूहळू झिजलेली पिन आता झपाट्यानं जात होती, हिशेब सोपा होता. आमच्या हातात दोन आठवडेही नव्हते. चौतीस वर्षं एक माणूस कुठल्यातरी उतारावर ब्रेक दाबून होता आणि त्याच्या पायाखालची पिन माझ्या कपाटात संपत चालली होती. यातलं काहीही मी मानत नव्हते. तरी रोज सकाळी सगळ्यात आधी तेच कपाट उघडायचे.

मामांनी बाकीची सगळी कामं बाजूला सारली. जुन्या ट्रकच्या ॲक्सलचा तुकडा घेतला, म्हणाले, "आजचं लोखंड त्येच्या पायाला वळखीचं लागायचं न्हाई." जुन्या पिनची दोन्ही टोकं गंजानं खाल्लेली, त्यामुळे मूळ माप कळायला मार्ग नव्हता. मी पुस्तकातून बावीस मिलिमीटर शोधून काढलं. मामा डोळे मिटून अंगठा फिरवत राहिले. "बावीसला केसभर कमी," म्हणाले. तीन दिवस त्यांनी नवी पिन लेथवर उतरवली, तापवली, तेलात बुडवली, घासली. मी मोजली. २१.९८. मग भागवतनं आणून दिलेल्या पेडलमधलं पिनचं भोक मोजलं, ते बरोबर तेवढीच पिन मागत होतं. पुस्तक चुकलं होतं, मामा नाही.

त्या फोननंतर नवव्या दिवशी आम्ही भागवतच्या घरी गेलो. जुनी पिन तेव्हा २०.१९ होती.

ऊन कडक होतं. अंगणात लिंबाखाली जीप उभी. बनुबाई बाजेवर बसलेल्या, शेजारी पाण्याचा तांब्या आणि ताटलीत भाकरीचा तुकडा. लांबून आलेल्या माणसावरून ओवाळून टाकतात, तसा. मामांनी त्यांना काय सांगून ठेवलं होतं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

जीप फार खाली बसलेली दिसली. इंजिन नाही, बाकडी नाहीत, तरी मागच्या स्प्रिंगचे पाटे पार चेपलेले. "पाटे गेले असतील," भागवत म्हणाला. मामांनी वाकून पाट्याला हात लावला आणि पेडल उचललं. सवयीनं मी पट्टी लावून मागचा बंपर जमिनीपासून मोजला. एकेचाळीस सेंटिमीटर.

मामांनी पेडल बसवलं, पिन सरकवली. एकदाच टिचकी मारावी लागली. भागवतनं ब्रेकचं ऑईल भरलं. सगळे मागे सरकलो.

थोडा वेळ काहीच झालं नाही. कोंबड्या उकरत होत्या.

मग पेडल खाली गेलं.

हळूहळू, पूर्ण. सीटवर कोणी नव्हतं.

ब्रेक करकरला. लांबच लांब. चाकं जागची हलली नव्हती. तोच जळका वास अंगणभर पसरला.

आवाज थांबला.

पेडल वर आलं.

चालवणाऱ्याच्या बाजूनं जीप बोटभर उचलली गेली, माणूस उतरल्यावर उचलते तशी.

बनुबाई उठल्या. भाकरीचा तुकडा तीनदा ओवाळला, लांब फेकला. चाकाशेजारी जमिनीवर पाणी ओतलं. "लई उशीर केला," एवढंच म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून रडल्या. मामांचेही डोळे भरले होते. मला वाटलं, झालं. एका माणसानं अंगठ्याच्या अंदाजानं दुसऱ्याला घरी आणलं. आयुष्यात याहून मोठी कारागिरी मी पाहिली नव्हती.

जीप पुन्हा हलली. या वेळी मागून.

बोटभर वर.

जरा थांबून, पुन्हा.

पट्टी अजून माझ्या हातात होती. बेचाळीस. साडेबेचाळीस. त्रेचाळीसच्या पुढे. प्रत्येक वेळी एकेक वजन उतरत होतं. अकरापर्यंत मी मोजलं, मग पट्टी खाली ठेवली.

बनुबाईंनी रडणं आवरलं. जीपच्या मागच्या बाजूला बघितलं आणि परक्या माणसांपुढे घेतात तसा पदर डोक्यावरून नीट घेतला.

"भागवत, हौदातनं बादली भरून आन," त्या म्हणाल्या. "रस्त्यात कोनी हात केला का ह्ये बसवून घ्यायचे. कवाच कुनाला न्हाई म्हनले न्हाईत."

भागवत बादली घेऊन हौदाकडे गेला. जीप अजून वर येतच होती.