थांबलेल्या मिक्सरचा काटा

दिवा राहू दे. मोबाइल तेवढे पालथे घाला, त्या उजेडात तुम्ही सगळे आजारी दिसता. तुमचा धाकटा मामा कारखाना सोडून दुकानात का बसला, असं विचारत होतात ना? त्याला विचाराल तर तो हसण्यावारी नेईल. मला हे माझ्या साडूभाऊंनी सांगितलं, आणि त्या माणसाला थापा मारायची अक्कल देवाने दिलेली नाही.

गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. साबणाच्या पावडरीचा कारखाना, रात्रीचे सव्वाबारा. मिक्सर बंद होता. मिक्सर म्हणजे खोलीएवढं लोखंडी पिंप, आत माणसाएवढाली पाती. मामा आत शिरून भिंतीला चिकटलेला थर खरवडत होता. काचेपलीकडच्या खोलीत साडूभाऊ कन्व्हर्टर नावाची डबी तपासत बसले होते. मिक्सरच्या दांड्याला दातेरी चाक असतं. एकेक दाता समोरून गेला की सेन्सर एकेक ठोका पाठवतो. ठोके किती भरभर येतात त्या हिशेबाने ही डबी करंट सोडते आणि काटा वेग दाखवतो. बस, एवढंच तिचं काम.

पण तिला एक स्क्रू असतो. अमुक वेगाच्या खालचं सगळं शून्य धर, असं तिला त्याने सांगता येतं. मशीन बंद असताना काटा थरथरतो म्हणून साहेबांनी आधीच्या मेकॅनिककडून तो स्क्रू चांगला पिळून घेतला होता. काटा गप्प बसला. मग एका रात्री पाती हळूहळू फिरतच होती, काटा शून्यावर होता, आणि सफाईवाला म्हातारा आत शिरला... पुढचं मी सांगणार नाही. तुम्हाला झोपायचंय.

त्यानंतर साडूभाऊ तिथे लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी स्क्रू मागे घेतला. आत माणूस असला की मिक्सरचा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचे. त्या रात्रीही ठेवला होता. आता तक्रार उलटी होती. बंद मिक्सरचा काटा रात्री चढायचा.

त्या रात्रीही काटा चढू लागला. तीनवर गेला. साडूभाऊंनी काचेतून पाहिलं, तर चाक जागच्या जागी. सेन्सर बिघडला असेल म्हणून त्यांनी त्याची वायर डबीतून उपसून काढली. आता ठोका यायला वाटच नव्हती.

काटा चारवर गेला.

त्यांनी साहेबांना फोन लावला. झोपमोड झाल्यामुळे साहेब खेकसले. स्क्रू पिळ, काटा खाली आण आणि घरी जा, म्हणाले. साडूभाऊंनी स्क्रूड्रायव्हर लावलासुद्धा. अर्धा फेरा दिला असता तर काम झालं असतं. पण हात चालेना. आत बायकोचा धाकटा भाऊ होता. भीती वाटली, असं ते मला सरळ म्हणाले. ते मिक्सरच्या दाराशी धावले.

"बाहेर ये."

"दाजी, अर्धी भिंत राहिलीय अजून."

"राहू दे. आधी बाहेर ये."

मामा कुरकुरत निघाला. एक पाय बाहेर. मग दुसरा...

पाती हलली.

मोटर गार. फ्यूज खिशात. आवाज नाही. आणि पाती फिरत होती... सावकाश...

साडूभाऊंनी मामाला घट्ट धरलं. पण मामा त्यांनाच ढकलून दाराकडे झेपावला.

"दाजी, थांबवा. ते आत आहेत."

"कोण?"

"माझ्या पाठीमागे खरवडत होते ते. मी म्हटलं, काका, चला बाहेर. तर म्हणाले, काटा शून्यावर आला की निघतो."

...

पाती आपोआप थांबली. दोघांनी टॉर्च मारला. आत कोणी नव्हतं. धूळ अजून खाली बसत होती.

मामाने हात न लावलेली अर्धी भिंत खरवडून लख्ख झाली होती.