नाव काय ठेवलं?

शेकोटीत अजून दोन काटक्या सारा आणि ते मोबाईल बाजूला ठेवा. ही गोष्ट माझ्या चुलतभावाची, आपल्या गहिनीनाथची. मला सांगताना त्याने माझं मनगट धरलं होतं. सांगून होईपर्यंत सोडलं नाही.

त्याची सून दिशा नगरला बाळंत झाली, सावेडीतल्या एका दवाखान्यात. पोरगी सातव्या महिन्यातच झालेली. तळहाताएवढा जीव. तिला काचेच्या पेटीत ठेवलं, आणि डॉक्टर म्हणाले, आत्ताच काही सांगता येणार नाही. त्याची बायको केशरबाई सुनेजवळ राहिली. पोरगा हर्षल पेटीच्या खोलीबाहेर बाकड्यावर बसून असायचा. गहिनीनाथने जवळच्याच सोसायटीत रोजाच्या भाड्याने फ्लॅट घेतला. गॅस, भांडी, फ्रीज, सगळं आत. बाळंतिणीच्या पोटात घरचे चार घास जावेत, एवढ्यासाठीच.

गेल्या वर्षीची गोष्ट, मंगळवार होता. पौषातली अमावास्या संध्याकाळीच लागलेली. गहिनीनाथने चौकातून दूध, गूळ, आळीव आणले. पहाटे उठून खीर करायची आणि डबा पोचवायचा. आळीव भिजत घातले, दाराला आतून कडी लावली आणि हॉलमध्ये सतरंजीवर आडवा झाला.

जाग आली ती आवाजाने. स्वयंपाकघरात पातेल्यात पळी फिरत होती. दूध उकळल्याचा वास येत होता. त्याला वाटलं, उजाडलं, केशर आली. कितीतरी रात्री धड झोप नव्हती त्याला. डोळेसुद्धा उघडले नाहीत.

आतून बाईचा आवाज आला. थकलेला.

“बाळ बरं हाय का?”

“हाय. काचेतच हाय अजून.”

“दूध पितं?”

“नळीनं पाजत्यात.”

पळी फिरत राहिली.

“नाव काय ठेवलं?”

“अजून न्हाई ठेवलं.”

तेवढ्यात उशाचा मोबाईल वाजला. त्याने चाचपडत कानाला लावला. केशरबाई दवाखान्यातून बोलत होती. सकाळच्या खिरीत गूळ बेताचा घाला, म्हणत होती.

गहिनीनाथचे डोळे उघडले.

बाहेर काळोख होता. आत पळी थांबली होती.

फोन हातातून कधी गळला, त्याला कळलं नाही. स्वयंपाकघराचं दार अर्धं लोटलेलं. आत दिवा नव्हता. गॅसचा निळा उजेड तेवढा फरशीवर. त्या उजेडात काही हललं नाही. पण तिथं कुणीतरी उभं होतं. वाट बघत होतं...

“मी ठेवू?”

गप्प राहावं, तर गप्प राहणं म्हणजे होकार, असं त्याच्या मनात आलं. सगळा जीव गोळा करून तो बोलला.

“नको. आमचं आमी ठेवू.”



मग अगदी हळू... “बरं.”

गॅस विझला. त्याच्या अंगावरून गार वारा गेला. दाराची कडी आपोआप सरकली. दार उघडलं. पावलं जिना उतरायला लागली. घाई नव्हती त्या पावलांना.

आणि गहिनीनाथच्या ध्यानात आलं... ती कुठं निघाली.

तो अनवाणी पळाला. रस्त्यावर चिटपाखरू नाही. कुत्री तेवढी भिंतीला चिकटून उभी. एकही भुंकत नव्हतं. सगळ्यांची तोंडं दवाखान्याकडे.

हर्षल बाकड्यावर जागाच होता. कुणी आलं का, असं विचारलं, तर नाही म्हणाला. गहिनीनाथने सिस्टरच्या हातापाया पडून पेटी बघायला लावली. पोरगी श्वास घेत होती. शांत झोपलेली. तो तिथंच भिंतीला टेकून खाली बसला.

सिस्टर त्याला म्हणाली, बाबा, पेटीला हात लावू नका म्हणून सगळ्यांना बजावलंय, मग हे कुणी केलं?

बाळाच्या डाव्या तळपायाला काजळाची तीट होती. ओली.

हर्षल शपथेवर सांगत होता, मी दारातून हाललो नाही. केशरबाईकडे काजळाची डबीच नव्हती. सिस्टरने कापसाने पुसलं. कापूस काळा झाला. तीट तशीच राहिली.

पोरगी जगली. बारसं झालं, संस्कृती नाव ठेवलं. आता चालते. तुमच्यातच खेळते रोज संध्याकाळी...

उद्या आली, की तिचा डावा तळपाय बघा.