एकसारखं लंगडणं

मेरेपेका आणि डगल मॅकफेल यांची पहिली भेट सुपरमार्केटात, दुधाच्या कपाटासमोर झाली. बाहेर वारा पावसाला आडवा मारत होता, आणि दोघंही अनवाणी होते. आमच्या टेमुका गावात यात काही विशेष नाही. इथं माणसं बँकेतही अनवाणी जातात आणि मॅनेजर त्यांना अदबीनं बसा म्हणतो. विशेष एवढंच, की त्यानं तिच्याकडे बघायला सुरुवात केली ती खालून.

आधी पावलं पाहिली. बराच वेळ पाहिली.

"तोंड वर आहे," पेका म्हणाली. तिला गावात सगळे पेकाच म्हणत.

"माहीत आहे. येतोय तिथं."

आला. पण तिथं पोचल्यावर त्याला पुढचं काही सुचेना… पावसाचं पाणी तिच्या केसांतून हनुवटीपर्यंत आलं होतं, आणि दोन्ही हातांत दूध असल्यामुळे तिनं ते पुसलं नव्हतं.

"तुझी करंगळी सोललीय," तो शेवटी म्हणाला. दुसरा कोणी असता तर डोळ्यांबद्दल बोलला असता.

"चालतंय."

"अंगठाही वाकायला लागलाय."

"चालतंय म्हटलं ना! तू कोण, डॉक्टर?"

"मॅकफेलच्या दुकानातला. बूट विकतो."

पेकानं मग त्याच्या पायांकडे पाहिलं. ओले, उघडे, टाचेला गवत चिकटलेलं. "बूटवाला, आणि अनवाणी?"

"तो धंदा आहे गं," डगल म्हणाला. "हौस नाही."

ती हसली नाही. हसू आलं म्हणून वळली आणि तरातरा चालायला लागली. पण करंगळीनं दगा दिला, आणि ते त्यानं पाहिलं. हे तिला अजिबात आवडलं नाही. निदान घरी तरी ती तसंच सांगत होती.

पेका आमच्या मार्चिंगच्या, म्हणजे ढोलावरच्या कवायतीच्या, टीमची लीडर होती. पांढरे बूट, उंच टोप्या, ढोलाचा ठेका, आणि मैदानावर मुलींची रांग अशी वळणार की एकाच मुलीला बरेच पाय फुटलेत असं वाटावं. तिची आत्या, नायरी आंटी, कोच. आंटीच्या तरुणपणी आमच्या टीमनं दक्षिण बेटाच्या स्पर्धेतली विजेत्यांची ढाल आणली होती. त्यानंतर ढाल कुणाकडे गेली हे गावात विचारायचं नसतं. त्या विजयाचे बूट मात्र आंटीनं जपले होते, आणि दरवर्षी नव्या मुलींना त्यांतच घातलं जाई. आंटीचं म्हणणं साधं होतं: बूट जिंकलेले आहेत, तेव्हा जुळवून घ्यायचं असेल तर पायानं घ्यावं. पेकाच्या वाट्याला खुद्द आंटीचा जोड आला होता. त्याचा तिला इतका अभिमान होता, की रात्री सुजलेले पाय पाण्यात ठेवताना ती खोलीचं दार लावून घेई.

आमच्याकडे दुखतंय असं म्हणत नाहीत. चालतंय म्हणतात. माझ्या काकांच्या घराचं छप्पर वाऱ्यानं उडालं तेव्हाही ते चालतंयच म्हणाले होते. तसंच कौतुकाचं. "वाईट नाही" हा आमच्याकडे सर्वोच्च किताब आहे. तो मिळायच्या आधीच पुष्कळ माणसं देवाघरी जातात.

पुढच्या शनिवारी डगल सरावाच्या मैदानावर, कुंपणाला टेकून उभा. पेकानं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती इतक्या काळजीपूर्वक पाहत नव्हती की मागच्या रांगेत खुसखुस सुरू झाली.

सराव संपल्यावर तो म्हणाला, "सगळ्या एकदम लंगडता तुम्ही."

सगळ्या मुली आंटीकडे बघायला लागल्या.

"काय म्हणालास, मॅकफेल?" आंटी पुढं आली. "गेल्या स्पर्धेत एकसारखेपणाला पैकीच्या पैकी मार्क आहेत आम्हाला."

"असणारच, नायरी आंटी. इतकं एकसारखं लंगडणं मी कुठंच पाहिलेलं नाही. सगळ्यांचा डावा पाय बाहेरच्या कडेवर पडतोय. मनापासून सांगतोय… बघायला सुंदर आहे."

"चालता हो!"

"जातो," तो म्हणाला, आणि जाता जाता पेकाला हळूच, "संध्याकाळी दुकानात माप द्यायला ये. दिवसभरानं पाय फुगतात, तेव्हाच ते खरं बोलतात."

"माझे पाय परक्यांशी बोलत नाहीत."

पण त्या दिवशी तिनं पहिल्यांदा मागं वळून पाहिलं. लीडर पुढं असते. मागची रांग तिला ऐकू येते, दिसत नाही. सगळ्यात धाकटी ॲनिका गवतावर बसली होती. बाकीच्या बूट काढत होत्या. ती काढत नव्हती.

"दुखतंय का गं?" पेकानं विचारलं.

"चालतंय," ॲनिका म्हणाली. मान तशीच ताठ, हनुवटी तशीच वर. हुबेहूब पेका. "एकदा काढले की परत घालवत नाहीत ना, म्हणून…"

पेका संध्याकाळी दुकानात गेली.

"बसू?"

"उभी राहा. अंग पायावर पडलं की तो पसरतो, मग कळतं त्याला किती जागा लागते. दोन्ही पाय. एक नेहमी थोडा मोठा असतो."

तो गुडघ्यावर बसला. हात थंड होते. आधी त्यानं ते स्वेटरवर घासले, मग तिची टाच तळहातावर घेतली. रस्त्यावरून लोकरीचा ट्रक गेला, काचा थरथरल्या. फक्त काचाच, असं ती नंतर सांगे.

"रुंद आहे," तो म्हणाला.

"माझे आजोबा याच पायांनी नदीत उभे राहून ईल मासे धरायचे. पूर आला तरी हलायचे नाहीत. आमच्या घराण्याचं पाऊल आहे हे."

"तक्रार नाही करत. म्हणतोय, असलं पाऊल अरुंद बुटात कोंबणं म्हणजे…" त्याचे कान लाल झाले. "बोटांपुढं अंगठ्याएवढी जागा हवी. टाच घट्ट, सरकता कामा नये. आणि इथं, कमानीखाली, आधार."

"इथं म्हणजे कुठं?"

"इथं."

"नीट दाखव."

त्यानं नीट दाखवलं. यात दुकान बंद व्हायची वेळ टळून गेली.

मग त्यानं एक पांढरा जोड घातला तिला. पेका दारापर्यंत गेली, परत आली. पुन्हा गेली. काही दुखत नव्हतं. न दुखण्याची सवय नसल्यामुळे तिचे डोळे भरून आले, आणि ती फार चिडली.

"सगळ्यांना मिळतील? दिसायला एकसारखे?"

"दिसायला एकसारखे. आत ज्याचं त्याचं माप. पण आंटीला कोण सांगणार?"

"लीडर कोण आहे?" पेका म्हणाली.

पुढच्या सरावाला तिनं आंटीचे बूट काढले, पुसले, आणि आंटीसमोर गवतावर जोडीनं ठेवले.

"आंटी, दुखतंय."

त्या मैदानावर स्वतःबद्दल हा शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला. कुणीतरी मागून म्हणालं, "मलापण." मग रांगेतून एकेक आवाज आला. शेवटी ॲनिका, सगळ्यांत मोठ्यानं.

आंटी बुटांकडे बघत राहिली. हे बूट नाकारणं म्हणजे आंटीची ढाल नाकारणं, असं गाव म्हणू शकलं असतं.

"मलाही दुखायचं," आंटी म्हणाली. "मला वाटायचं, जिंकताना तसंच वाटतं." मग नाक ओढून, "त्या मॅकफेलला बोलवा. आणि माझंही माप घ्यायला सांगा."

गावानं दोन रविवार सॉसेज भाजून विकले आणि त्या पैशांत बूट आले.

स्पर्धा तिमारूला. समुद्राकडून भुरभुर येत होती, ढोल भिजून जड वाजत होता. पेकानं हात वर केला, आणि मागून रांग निघाली. तिला ती दिसत नव्हती, पण ऐकू येत होती: पाऊल पूर्ण टेकत होतं. टाच, कड, बोटं. जमिनीवर हक्क सांगावा तसं. आजोबा पुरात असेच उभे राहत असतील, असं तिला वाटलं. प्रेक्षकांत आमच्या गावची माणसं टोप्या काढून पावसात उभी होती, आणि डोळ्यांत आलेल्या पाण्याला सगळे पाऊसच म्हणत होते.

दुसरा नंबर आला. एकसारखेपणाचा अर्धा मार्क गेला.

"लंगडणं गेलं, त्याचा असणार," आंटी म्हणाली. नव्या बुटांत ती जरा उंच दिसत होती. मग तिनं पेकाचा खांदा दाबला. "वाईट नाही."

सगळं गाव एकमेकांकडे बघायला लागलं. ॲनिका रडलीच.

डगल बसच्या मागं उभा होता. स्पर्धेसाठी म्हणून त्यानं बूट घातले होते आणि ते त्याला चावत असावेत.

"बघितलंस?" पेकानं विचारलं.

"बघितलं."

"मग?"

"वाईट नाही."

"ते आंटीनं दिलंय मला. तू तुझं बोल."

त्यानं खाली पाहिलं, तिच्या पावलांकडे.

"तोंड वर आहे, डगल."

"माहीत आहे…" तो सावकाश वर आला. या वेळी पोचल्यावर तो थांबला नाही. "चांगलं होतं. फार… फार चांगलं. आणि तू… तू आवडतेस मला. केव्हाची."

आमच्याकडचं कुणी चारचौघांत असं बोलत नाही. बसच्या खिडक्या एकामागून एक उघडल्या.

पेकानं खाली वाकून बुटाची नाडी सोडली, दोन्ही बूट काढून त्याच्या हातात दिले आणि ओल्या रस्त्यावर अनवाणी उभी राहिली, टीमच्या उंच टोपीसकट.

"दुखतायत?" तो घाबरला.

"छे. स्पर्धेनंतर पहिल्यांदाच दुखत नाहीयेत. तुझे काढ."

"का?"

"चिप्स खायला समुद्रापर्यंत चालायचंय," ती म्हणाली, "आणि लंगडणाऱ्या माणसाबरोबर मी चालत नाही."