पहिल्या रांगेतल्या बावीसजणी

संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी कामगार सभागृहातले दिवे मालवले आणि बेचाळीस वर्षांपूर्वीचा तो सिनेमा सुरू झाला. कापड गिरणीच्या संपावरचा. तिसऱ्या रांगेत थोरली बसली होती. चार खुर्च्या सोडून तिचा धाकटा भाऊ. बेचाळीस वर्षं तो तिच्याशी बोलला नव्हता. आजही नातीने हट्ट धरला म्हणून आला होता.

खऱ्या संपात फाटकावर बोलली होती ती थोरली. बाहेरून आलेल्या वस्तीतली, काळी, वेगळ्या बोलीची, माग चालवणारी बाई. सिनेमात मात्र ते भाषण एका गोऱ्या नटीने केलं आणि थोरली आपणहून गर्दीच्या कडेला उभी राहिली. चित्रीकरणाच्या त्याच संध्याकाळी, "आपल्या माणसांची तोंडं पुसून टाकलीस तू," एवढं बोलून भाऊ घर सोडून गेला. आईच्या मागे जिने त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं, तिने त्याला जाऊ दिलं... सिनेमा त्याने कधी पाहिलाच नव्हता.

फाटकाचा प्रसंग आला. नटीचा आवाज घुमत होता आणि पडदाभर ऐकणाऱ्यांचे चेहरे होते: पहिल्या रांगेत, भर उन्हात, त्यांच्याच वस्तीतल्या बावीसजणी. दिग्दर्शकाने त्यांना सांगितलं होतं, नुसते ओठ हलवा, घोषणा मागाहून भरू. पण मागांच्या खडखडाटात काही ऐकू येत नाही. तिथे बोलणं ओठांवरून वाचावं लागतं. तिथल्या बायका ओठ उगाच हलवत नाहीत. त्या खरंच बोलल्या होत्या.

तीस वर्षं माग चालवलेला भाऊ खुर्चीत पुढे सरकला.

"थांबवा. जरा मागे घ्या."

"आजोबा, ही काय लिफ्ट आहे का खालीवर करायला?" यंत्रावरचा माणूस कुरकुरला, पण त्याने मागे घेतलं.

"ही म्हणतेय, माझा माग सतरा नंबर. शेजारची म्हणतेय, पाय भाजले, हे लोक सोडणार कधी?"

सभागृह हसलं. मग त्याचं बोट कडेच्या चेहऱ्याकडे वळलं.

"आणि ताई म्हणतेय... माझ्याकडे बघू नका गं. समोर बघा. तोंडं दिसू द्या."

तो उठून तिच्या शेजारी येऊन बसला.

"दिग्दर्शकाशी काय ठरलं होतं तुझं?"

"तो म्हणाला, मी बोलले तर मी एकटीच दिसणार, बाकीच्या मागे अंधारात. नटी बोलली तर बावीसही पुढे. म्हटलं, बोलू दे तिला."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझ्या पोटात कधी काही राहिलंय? दुसऱ्या दिवशी नळावर कळलं असतं सगळ्यांना. मग जन्मभर उपकार मानून माझ्यापुढे मान खाली घालून वावरल्या असत्या त्या. ताठ उभ्या केल्या होत्या मी."

भावाचे डोळे वाहू लागले. "ताई, मी बेचाळीस वर्षं..."

"चुकलास," ती शांतपणे म्हणाली. "पण ओठ वाचायला मीच शिकवलं होतं तुला. चांगलं शिकलास."

सिनेमाच्या शेवटी नटनट्यांची नावं येतात आणि खाली 'इतर कामगार' एवढीच ओळ. त्या ओळीच्या जागी बावीस नावं घालायचं जुने सिनेमे जपणाऱ्या संस्थेने कबूल केलं आहे. बहीणभाऊ रोज दुपारी तीनला तो प्रसंग पाहायला बसतात. कालपर्यंत एकोणीसजणी ओळखल्या. उरलेल्या तिघींचे चेहरे स्वच्छ दिसतात. नावं अजून आठवलेली नाहीत.